पिवळी कोशरी

मत्सर हा अर्धवट शिकलेल्यांचा रोग आहे, असं वगदी उस्तादांनी गुरुवारी संध्याकाळी कॅफेत जाहीर केलं. ज्याला जगाचा नकाशा पाठ आहे त्याला मत्सर होऊच शकत नाही. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर कोण कुणावर जळणार आणि किती जळणार? छत्तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते, त्यामुळे पृथ्वीच्या वतीने बोलायचा त्यांना हक्कच होता. टेबलाभोवतीच्या तिघा निवृत्त मास्तरांनी माना डोलावल्या. मग त्यांतला एक सहज म्हणाला, की पुढच्या आठवड्यात आपण मुलीकडे अलेक्झांड्रियाला चाललो आहोत. वगदी उस्तादांनी चहाचा ग्लास अर्धाच ठेवला आणि कुणाचाही निरोप न घेता ते घरी निघून आले.

अलेक्झांड्रिया हा शब्द त्यांना चौतीस वर्षं सोसत नव्हता. लग्नाआधी त्यांच्या बायकोला, इनायातला, तिकडून एक स्थळ आलं होतं. शौकत नावाचा कस्टममधला अधिकारी. ही गोष्ट खुद्द इनायातनेच त्यांना सांगितली होती आणि वर म्हणाली होती, की त्याला गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तोवर वगदींनी ‘हिवाळा जाऊ दे, आईचे गुडघे बरे होऊ देत’ असं करत दोन वर्षं काढली होती. ते बुधवारीच आई, मावशी आणि दोन किलो मिठाई घेऊन कैरोतल्या शुब्रा भागात, तिच्या गल्लीत हजर झाले. जिंकले. पण हरलेला माणूस कुठेतरी समुद्राची हवा खात मजेत जगतो आहे, ही गोष्ट जिंकलेल्याला सुखाने झोपू देत नाही. नोकरीभर वगदी उस्तादांनी अलेक्झांड्रिया हे शहर अर्ध्या तासिकेत उरकलं. “समुद्राकाठी आणखीही एक गाव आहे,” एवढं सांगून ते नाईलकडे परत वळत. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला नाही. त्यांचे कितीतरी विद्यार्थी पुढे डॉक्टर झाले, इंजिनियर झाले, आणि हे शहर केवढं मोठं आहे ते त्यांना थेट मधुचंद्राला गेल्यावर कळलं.

अशा या घरात पंधरा दिवसांपूर्वी पिवळी कोशरी शिजली.

कैरोच्या माणसाची कोशरी तपकिरी असते. खाली अख्खा मसूर आणि भात, त्यावर मॅकरोनी, त्यावर टोमॅटोचा रस्सा, त्यावर हरभरे, लसणाचं आंबट पाणी आणि सगळ्यांच्या डोक्यावर करपण्याच्या एक क्षण आधी थांबवलेला कुरकुरीत कांदा. इनायात ती दर शुक्रवारी करत आली होती. शुक्रवार कोणता हे कॅलेंडर पाहून कळायची त्या घरात गरजच नव्हती. त्या शुक्रवारी मात्र ताटात आला तो जिऱ्याच्या वासाचा, पिवळाधमक, मऊ डाळभात. शेजारी तळलेलं अंडं आणि टोमॅटोची कोशिंबीर.

“हे काय?” वगदी उस्तादांनी विचारलं.

“कोशरी. अलेक्झांड्रियाकडे अशी करतात.”

एवढं बोलून ती अंड्यावर मीठ भुरभुरायला लागली. वगदी उस्तादांनी दोन ताटं खाल्ली. खरं दुखणं ते होतं. वाईट झाली असती तर त्यांनी मोठ्या मनाने क्षमा केली असती.

मंगळवारी ती फोनवर कुणाला तरी विचारत होती, की तुमच्याकडे जिरं आधी घालतात की मागाहून. आणि पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, ती हसली. साधंसुधं नाही, भिंतीला हात टेकून हसली. कर्कवृत्तावरचा जो विनोद वगदी उस्ताद वर्षानुवर्षं सांगत आले होते, त्यावर ती एवढी कधी हसली नव्हती. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पिवळी. या वेळी त्यांनी तीन ताटं खाल्ली आणि रात्रभर कूस बदलत राहिले. इनायातने विचारलं, की पोटात दुखतंय का? उस्ताद म्हणाले, “पोटात नाही.”

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी, म्हणजे कॅफेतल्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी, ती दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. वगदी उस्ताद रुसलेले असल्यामुळे, आपण ऐकत नाही आहोत हे तिला कळावं म्हणून, मन लावून ऐकत नव्हते. दार लागलं. आणि त्या शांततेत त्यांना एकदम सुचलं: आज आपण कोशरी करायची. तपकिरी. ती परत येईल, पहिला घास घेईल आणि कस्टम अधिकारी जन्मात जे करू शकला नाही ते तिला कळून चुकेल.

स्वयंपाक त्यांनी कधी केला नव्हता, पण कोशरीची रचना त्यांना तोंडपाठ होती. ती पृथ्वीसारखीच थराथराची. ज्याने मुलांना पृथ्वीचे थर शिकवले त्याला पातेल्यातले चार थर काय जड? त्यांनी इनायातचा फुलाफुलांचा एप्रन बांधला आणि एक किलो मसूर मधल्या पातेल्यात ओतला. मसूर निवडायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण तो कुणीतरी आधीच निवडलेला असतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पाऊण तासात मसूर फुगून झाकण उचलायला लागला. त्यांनी तो मोठ्या पातेल्यात घातला. मग तांदूळ घातल्यावर त्याहून मोठ्यात. हरभरे रात्री भिजवायचे राहिले होते, म्हणून ते दोन भांड्यांत निम्मे-निम्मे करून उकळत ठेवले. त्यामुळे ते निम्म्या वेळात शिजतील असा त्यांचा हिशोब होता.

मग कांदा. दोन किलो कांदा चिरेपर्यंत त्यांचे डोळे डाळिंबासारखे झाले. पहिली कढई करपली. दुसरी कढई करपली. तिसरीच्या वेळेला कांदा लाल होतोय की काळा हेच दिसेना, कारण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि स्वयंपाकघरात धूर एवढा, की त्यांनी जिन्याकडचं दार उघडलं.

दारात शेजारच्या उम्म रजब उभ्याच होत्या. वास कुठून येतो ते पाहायला त्यांना बोलवावं लागत नाही.

त्यांनी पाहिलं ते असं: शुक्रवारची सकाळ, घरात बाई नाही, आणि बायकोचा एप्रन बांधलेला सहासष्ट वर्षांचा माणूस दारात उभा राहून घळाघळा रडतो आहे.

“इनायात कुठंय?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“गेली,” उस्ताद नाक पुसत म्हणाले.

“कुठं?”

“काहीतरी म्हणाली होती. मी ऐकलं नाही.”

“तेच तर,” उम्म रजब म्हणाल्या. “पुरुष ऐकत नाहीत आणि मग बायका जातात.”

आमच्या गल्लीत बायको रागावून निघून गेली की तिच्या मागे चार जाणती माणसं जातात, दोन्हीकडचं ऐकून घेतात, नवऱ्याला चार शब्द सुनावतात आणि तिला मानाने घरी आणतात. त्यासाठी आधी ती गेली आहे हे सगळ्यांना कळावं लागतं. ती जबाबदारी उम्म रजबनी उचलली. खाली जाता जाता त्यांनी चार मजल्यांवर चार दारं ठोठावली, तळाशी दारवान इद्रीसकाकांना गाठलं आणि पाच मिनिटांत इद्रीसकाकांनाच घेऊन वर आल्या. इद्रीसकाकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: इनायातबाई सकाळी मोठं गाठोडं घेऊन टॅक्सीत बसल्या. अंथरुणाचं गाठोडं. टॅक्सी स्टेशनच्या बाजूला गेली.

“अंथरूण?” वगदी उस्तादांच्या हातातला झारा थांबला.

“रजई असावी. खूप दिवसांच्या तयारीनं निघाल्यासारखं वाटलं,” इद्रीसकाका म्हणाले. माणूस भला, पण त्याला कमी शब्दांत सांगता येत नाही.

उस्तादांनी इनायातला फोन लावला. तो फ्रिजवरच्या टोपलीत वाजला.

इतका वेळ ते नुसते जळत होते, आता घाबरले. स्टेशनवरून गाड्या कुठे कुठे जातात हे भूगोलाच्या मास्तराला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. दर तासाला एक गाडी अलेक्झांड्रियाला सुटते. त्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र आला. समुद्राकाठी एक बाल्कनी आली. बाल्कनीत पिवळी कोशरी आणि तिच्यापलीकडे निवृत्त पण अजून दाट केसांचा एक कस्टम अधिकारी. शौकतला त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण त्याचे केस त्यांना नेहमी स्पष्ट दिसत. आपण तिला चौतीस वर्षांत काय दिलं? कर्कवृत्त. ते खुर्चीवर बसले. या वेळचं पाणी कांद्याचं नव्हतं, पण फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

दुपारची नमाज सुटली तसा तळमजल्यावरचे हाजी मुतवल्ली खांद्यावरचा रुमालही न काढता वर आले. वगदी मशिदीत दिसला नाही तेव्हाच आपल्याला शंका आली होती, असं त्यांनी सांगितलं. हाजींनी आजवर अकरा जोडपी जुळवून दिली होती आणि ते आकडा लक्षात ठेवत. त्यांच्यामागे आणखी पाच-सहा पुरुष, आणि पुरुषांच्या मागे बायका, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. कारण ज्याच्या घरात बाई नाही त्याच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. बैठकीची खोली भरली. आलेल्यांना उपाशी बसवायचं नाही हेही आपल्याकडे तेवढंच पक्कं, म्हणून वगदी उस्तादांनी जड मनाने कोशरी वाढली. घरातली सगळी ताटं संपली तेव्हा बशा काढल्या. बशा संपल्या तेव्हा पाहुण्यांसाठीचा चिनीमातीचा संच काढला.

कोशरी सगळ्यांनी जपून खाल्ली. मसुरात खडे होते. एकदोघांनी ते अदबीने रुमालात घेतले. बायको सोडून गेलेल्या माणसाच्या मसुरात खडे असायचेच. हरभरे तर चावताना ऐकू येत होते.

“आता बोल मुला,” हाजी ताट बाजूला ठेवत म्हणाले. “हात उचललास?”

वगदी उस्तादांनी दोन्ही हात वर करून नाही म्हटलं.

“दुसरी बाई?”

“मी?”

हाजींनी त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो प्रश्न मागे घेतला. “मग भांडण झालं कशावरून?”

“कोशरीवरून,” उस्ताद म्हणाले.

हाजींना अकरा जोडप्यांत हे कारण मिळालं नव्हतं. ते काही विचारणार तेवढ्यात दार धाडकन उघडून रऊफ आत आला. रऊफ म्हणजे इनायातचा थोरला भाऊ. राहायला हेलवानला. उम्म रजबचा फोन गेल्यावर तो मेट्रोत बसला आणि वीस-बावीस स्टेशनं राग जमवत आला. पण लठ्ठ असल्यामुळे चार जिने चढताना त्यातला निम्मा सांडला. उरलेला घेऊन तो दारात धापा टाकत उभा राहिला.

“माझ्या बहिणीला काय केलंस?”

खोलीभर माणसं, समोर मेव्हणा, आणि बायको बहुधा निम्म्या वाटेवर. वगदी उस्तादांचा बांध फुटला. दोन वेळची पिवळी कोशरी, भिंतीला टेकून हसणं, जिरं, गाठोडं, स्टेशन, सगळं त्यांनी सांगून टाकलं. शेवटी ज्याचं नाव चौतीस वर्षं ओठांवर येऊ दिलं नव्हतं तेही घेतलं.

“ती शौकतकडे गेली,” ते म्हणाले.

बायकांच्या बाजूने एक लांब श्वास ऐकू आला. उम्म रजबनी हातातला चमचा खाली ठेवला.

“शौकत कोण?” रऊफने विचारलं.

“अलेक्झांड्रियाचा. कस्टममधला. तुमच्याकडे तिला मागायला आला होता तो.”

रऊफने रुमालाने मान पुसली आणि खूप मागे जाऊन आठवून पाहिलं. “आमच्याकडे कस्टममधला कुणीच आला नव्हता,” तो म्हणाला. “दार मीच उघडायचो. एक टायर विकणारा आला होता, तान्त्याहून. पण तो सौसनसाठी.” सौसन त्यांची धाकटी बहीण. “इनायातला मागायला आलेला तू एकटाच. वडील म्हणायचे, हा मास्तर दोन वर्षं जिन्यापर्यंत येतो आणि परत जातो, याला दार सापडत नाही का?”

कुणीतरी हसू दाबताना खोकलं. वगदी उस्ताद मात्र जागच्या जागी थिजले. बायको गेल्याचा धक्का होताच, पण आता तर प्रतिस्पर्धीही गेला. ज्याला हरवल्याच्या तोऱ्यावर त्यांनी संसार केला, ज्याच्यामुळे एक अख्खं शहर अभ्यासक्रमातून वगळलं, तो शौकत, त्याचे दाट केस, त्याची बाल्कनी, सगळं रऊफने एका वाक्यात पुसून टाकलं होतं.

आणि त्याच वेळी दारातून एक रजई आत आली.

ती एवढी फुगलेली होती की प्रथम नुसती रजईच दिसली, मग तिच्याखाली इद्रीसकाकांचे पाय दिसले, आणि त्यांच्यामागून घाम पुसत इनायात.

“स्टेशनामागचा पिंजारी,” ती जिना चढल्याच्या दमात म्हणाली, “थंडीच्या तोंडावर त्याच्याकडे गर्दी होते म्हणून सकाळीच गेले होते. सांगून गेले होते मी.” मग तिने खोलीकडे नीट पाहिलं. हाजी, शेजारी, चिनीमातीचा संच, भाऊ, आणि आपला एप्रन. “कोण गेलं?” तिने घाबरून विचारलं.

“तू,” रऊफ म्हणाला.

हाजी मुतवल्लींनी घसा साफ केला. एवढ्या लोकांना नमाजेवरून उठवून आणल्यावर काहीतरी जुळवल्याशिवाय जाणं त्यांना शोभलं नसतं. त्यांनी इनायातला खुर्ची दिली, मुली म्हणून हाक मारली आणि सगळ्यांच्या वतीने विचारलं, की ही पिवळी कोशरी आली कुठून, आणि हा शौकत आहे की नाही?

इनायातने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे सुजले होते, मिशीला मसूर लागला होता.

“उजवं मनगट दुखतं,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी दोन महिने शेकायला बोलावलंय. तिथं रांगेत अलेक्झांड्रियाची एक बाई भेटते, उम्म फारिस. तिनं विचारलं, तू हातानं करतेस काय एवढं? मी म्हटलं, दर शुक्रवारी कोशरीची भांडी. भाताचं एक, मॅकरोनीचं एक, हरभऱ्याचं, रश्श्याचं, लसणाचं, कांद्याची कढई, गाळणी. ती हसायला लागली. म्हणाली, आमच्याकडे एका पातेल्यात होते. एका, हाजी. मग मलाही हसू आलं. चौतीस वर्षांची भांडी आठवून आलं. फोनवर तिच्याशी बोलतानाही तेच आठवतं.”

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने नवऱ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या शुक्रवारी त्यांच्याकडे काय शिजणार ते त्याला कळलं.

“आणि शौकत?” उम्म रजबनी विचारलं. भांड्यांपेक्षा त्यांना हेच ऐकायचं होतं.

“दोन वर्षं याचा हिवाळा संपत नव्हता,” इनायात म्हणाली. “कुणीतरी आणायलाच हवा होता. मी आणला.”

“पण अलेक्झांड्रियाचा कशाला?” वगदी उस्तादांनी विचारलं.

“तान्त्यासारख्या समुद्र नसलेल्या गावचा आणला असता तर तू आणखी दोन वर्षं थांबला असतास.”

हाजी मुतवल्लींनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, इनायातच्या मनगटाला जपून, आणि बारावं जोडपं जुळल्याचं जाहीर केलं. बायका आपापली ताटं घेऊन गेल्या. रऊफने उरलेली कोशरी आवडीने संपवली. तिच्यात एक मर्दानी चव आहे असं त्याचं मत पडलं. मग तोही हेलवानला गेला आणि घर शांत झालं.

स्वयंपाकघरात एकवीस भांडी होती, चिनीमातीचा संच वेगळा. इनायात स्टुलावर बसली. वगदी उस्ताद बाह्या वर करून नळापाशी उभे राहिले. ती परत आली होती, नव्हे, गेलीच नव्हती, याचा आनंद त्यांना मनापासून झाला होता. पण आत कुठेतरी एक जागा रिकामी वाटत होती. तीन भांडी झाली. चौथं विसळताना त्यांना राहवलं नाही.

“इनायात.”

“हं.”

“अगदीच कुणी नव्हतं?” ते पाठमोरेच म्हणाले. “अधिकारी नसू दे. एखादा कारकून?”

तिने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. एप्रनची गाठ सुटत आली होती.

“होता एक,” ती म्हणाली. “पोस्टात.”

“उंच?”

“बराच.”

वगदी उस्तादांची पाठ हळूहळू सरळ झाली. साबणाचा हात जोरात फिरायला लागला. वाटलंच होतं मला, ते म्हणाले. पोस्टातल्या माणसांवर आपला विश्वास कधीच नव्हता, दुसऱ्याची पत्रं हाताळून हाताळून त्यांची नजर बिघडते. मग ते मागे वळले. डोळ्यांत जुनी चमक परत आली होती.

“कुठल्या पोस्टात?”

“सांगते,” इनायात म्हणाली. “आधी त्या करपलेल्या कढईत गरम पाणी ओतून ठेव.”